माळावरचा बयाणा

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. प्रसंग आले नाहीत असं नाही. दर आश्विनात आले, आणि दर आश्विनात मी दुसरंच काहीतरी बोललो. रस्त्याबद्दल, गुडघ्यांबद्दल, बिंदुसरा नदीच्या पाण्याबद्दल. म्हाताऱ्या माणसाला विषय बदलायला कष्ट पडत नाहीत. लोक त्याला विसराळू समजतात आणि सोडून देतात. मी विसराळू नाही. मला सगळं आठवतं, आणि सीताफळं बाजारात आली की जास्तच आठवतं.

सध्या ती आली आहेत. बीडहून पालीकडे जाताना रस्त्याच्या कडेला बाया टोपल्या मांडून बसल्यात. मोठाल्या डोळ्यांची, फटी पिवळट पडलेली फळं. येणारे-जाणारे गाड्या थांबवतात, दाबून बघतात, घासाघीस करतात. मला ते फळ बघवत नाही. घरात कुणी फोडलं की त्या गोड वासाने माझं डोकं उठतं आणि मी अंगणात जाऊन बसतो. शुगरमुळे अण्णा खात नाहीत, असं मुलगा पाहुण्यांना सांगतो. मी ते खोडत नाही. खोटं खपतंय तोवर खपू द्यायचं, ही माझी जुनी सवय आहे.

मी बीडच्या एका कॉलेजात गणित शिकवलं. आयुष्यभर तेच. माझा धाकटा भाऊ दत्ता गावी शेती बघायचा. रान मोठं, गावात शब्दाला वजन, आणि गावामागच्या उतरणीवरचा सीताफळांचा माळ आमचाच. दत्ता रानाचा धनी होता, पण शिक्षण, लग्न, नोकरी असा विषय निघाला की तो एवढंच म्हणायचा, आण्णा सांगतील तसं. मला ते आवडायचं. गावातल्या इतरांनाही तीच सवय लागली होती. निकाल लागले की माझ्या बीडच्या ओट्यावर चपलांचा ढीग पडायचा. कुठल्या पोराने इंजिनिअरिंगला जायचं आणि कुणी डीएड करायचं, हे मी चहा संपेपर्यंत ठरवून टाकायचो. समोरचं पोर एकदा तरी बोललं का, हे मी बघत नव्हतो.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या घरात पत्ते नाहीत. आजोबांच्या थोरल्या भावाने निजामाच्या काळात रुईच्या सट्ट्यावर आधी कापूस लावला, मग बैल, मग विहिरीकडचं रान, आणि शेवटी ते त्याच विहिरीत सापडले. तेव्हापासून पाडव्याला सगळं गाव तीन पत्ते खेळायचं आणि आमचं दार आतून लावलेलं असायचं. आम्ही पोरं गोट्या खेळायचो, पण जिंकलेल्या गोट्या संध्याकाळी परत द्याव्या लागायच्या. लॉटरीचं तिकीट घेतलं म्हणून एका चुलत्याशी वडिलांनी बोलणं टाकलं होतं. वडील, आमचे तात्या, गेले तेव्हा शेवटच्या दिवसांत त्यांनी आम्हा दोघा भावांचे हात धरून वदवून घेतलं, या घरात सट्टा शिरू द्यायचा नाही. दत्ताने ते देवासारखं पाळलं. आमच्या घरात एखाद्या गोष्टीला सट्टा म्हटलं की तिच्यावर माती पडली. पुढे चर्चा नाही.

दत्ताची एकुलती एक मुलगी शिवकन्या. घरात शिवू. शाळेच्या सुट्टीत ती माझ्याकडे राहायची, मी कॉलेजातून आलो की वही घेऊन पुढ्यात बसायची. तिला गणित मी लावलं, हे मी चारचौघांत छाती काढून सांगत असे. पुढे ती पुण्याला शिकली आणि तिथेच एका परदेशी बँकेचं काम करणाऱ्या कंपनीत लागली.

त्या वर्षी ती दिवाळीच्या बऱ्याच आधी गावी आली. ऊसतोडीच्या टोळ्या नुकत्याच गेल्या होत्या, अर्ध्या गावाला कुलपं होती. मी कॉलेजातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, मीही सणासाठी गावी आलेलो. पहिल्याच दिवशी तिने सांगितलं की तिला नोकरी सोडून पुढे शिकायचंय. बाजारातल्या जोखमीची किंमत गणिताने काढतात, त्या कामात तिला शिरायचं होतं. तिच्या ऑफिसात वरच्या मजल्यावर ते काम चालायचं. खालच्या मजल्यावर हिच्यासारखी पोरं त्या आकड्यांचे तक्ते करून परदेशात पाठवायची. वर चढायला पदव्युत्तर पदवी लागते, आणि कुठली पदवी, यावर तिने वर्षभर डोकं घातलं होतं.

दत्ताच्या मनात एमबीए. तालुक्याच्या एका पुढाऱ्याचं कॉलेज होतं, शब्द टाकला की जागा. त्यावर शिवू बापाला म्हणाली, "नाना, ते करून मी लोकांना कर्ज विकत फिरीन. मला विकायचं न्हाई. किंमत कशी काढतात ते शिकायचंय." दुसरा रस्ता होता फायनान्शियल इंजिनिअरिंगचा, एका वर्षाचा, चकचकीत. तो तिने स्वतःच बाजूला ठेवला होता. त्यात आज चालतात ती हत्यारं वापरायला शिकवतात, म्हणाली, आणि ती हत्यारं तर दोन वर्षांत बदलतात. वरच्या मजल्यावरच्या माणसांना तिने एकेकाला गाठून विचारलं होतं, तुम्ही काय शिकलात. बहुतेकांनी गणित किंवा संख्याशास्त्र सांगितलं. म्हणून तिने तिसरा रस्ता धरला होता. संख्याशास्त्राची दोन वर्षांची पदवी, दूर कोलकात्याकडच्या एका कडक संस्थेत. प्रवेश परीक्षा उन्हाळ्यात, आणि ती अवघड. तोवर बीडला माझ्या घरी राहून माझ्याजवळ अभ्यास करायचा, असं तिने मनात धरलेलं होतं.

म्हणजे तिला माझ्याकडून दोनच गोष्टी हव्या होत्या. माझा वेळ, आणि दत्तासाठी माझा शब्द. दोन्ही माझ्याकडे भरपूर होत्या.

मी पहिल्या दिवसापासून वाकड्यात शिरलो. लागलेली नोकरी सोडायची ही पुण्याची नवी पद्धत आहे का, असं विचारलं. तिच्या बरोबरीच्या पोरींच्या लेकरांची बारशी झाली, हे काढलं. तीही ऐकून घेणारी नव्हती. म्हणाली, "अण्णा, पोरींनी शिकावं म्हणून तुम्ही भाषणं द्यायचात, ती स्नेहसंमेलनापुरती होती का?" दत्ता हसला. मला त्याचं हसणंही टोचलं.

भावजय थोरल्या दिराशी थेट बोलत नाही, ही आमच्याकडची रीत. शिवूची आई डोक्यावरचा पदर पुढे ओढून मांजराशी बोलायची, मला ऐकू जाईल इतक्या आवाजात. मांजरापुढे दूध ठेवताना म्हणायची, "पी बाई. तुला तरी कोनी पुरं झालं म्हननार न्हाई." मी भिंतीकडे बघून चहा प्यायचो. त्या घरात तेव्हा भांडी जरा जास्त जोराने ठेवली जायची.

आता बयाण्याचं. सीताफळांचा माळ आम्ही दर वर्षी गुत्त्याने द्यायचो. फळं झाडावर हिरवी असतानाच गुत्तेदार येतो, सगळ्या माळाचा भाव ठरवतो आणि बयाणा म्हणून थोडी आगाऊ रक्कम देऊन जातो. फळ तयार झालं की ठरल्या भावाने तो माळ उतरवून नेतो. त्या वर्षी भाव पडला आणि गुत्तेदार आलाच नाही. बयाणा सोडला, माळ सोडला, फोन बंद. फळ पिकायला लागलेलं, तोडायला माणूस नाही, म्हणून आम्ही घरचेच माळावर गेलो. दत्ता तोडता तोडता गुत्तेदाराच्या सात पिढ्या उद्धारत होता.

शिवू खाली बसून फळं निवडत होती. ज्याच्या डोळ्यांमधली फट उजळली ते टोपलीत, बाकीची पिकायला गवतात. ती म्हणाली, "नाना, शिव्या कावून देता? भाव वाढला असता तर त्यानं माळ नेला असता. भाव पडला, त्यानं सोडला. तशी मोकळीक राहावी म्हणूनच त्यानं बयाणा दिल्ता. तुम्ही ती मोकळीक लई स्वस्तात दिली, एवढंच झालं."

"मग किती घ्यायला पायजे व्हता?"

"तेच शिकायला जायाचंय."

दत्ता झाडावरून हसत सुटला. फांदी हलून दोन फळं खाली फुटली. मला वाटतं, तिचं काम त्या क्षणी झालं होतं. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर ती उन्हाळ्यात परीक्षेला बसली असती.

दुपारी भाकरी खाऊन दत्ता लवंडला. बाभळीच्या सावलीत शिवूने मला काडीने मातीत मांडून दाखवलं. आजचा भाव हा, पुढे तो वर गेला तर इथे, खाली आला तर इथे. दोन फांद्या, त्यांच्या पुढे आणखी दोन. शेवटच्या टोकापासून मागे मागे येत प्रत्येक ठिकाणी बयाणा किती वाजवी होतो ते काढायचं. मी बघत होतो आणि मला आनंद होत होता, हे कबूल केलं पाहिजे. किती साधं आणि किती सुंदर होतं ते. मी 'वा' म्हणालो. इतकी वर्षं आमच्या आज्यापासून आम्ही याच माळावर बयाणा घेत होतो आणि त्यामागे एवढं नीट गणित आहे हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं. भाव वर जाणार की खाली, हे तिला ओळखायचंच नव्हतं. तिला फक्त वाजवी किंमत हवी होती. सट्ट्याच्या हे बरोबर उलट होतं.

मग ती पुढे गेली. फांद्या अगणित झाल्या, भाव क्षणाक्षणाला हलायला लागला, आणि त्यासाठी संभाव्यतेचा जो पाया लागतो तिथे ती पोचली. तो धडा अभ्यासक्रमात होता. मी तो कधीही शिकवला नाही. परीक्षेत त्याला पर्याय असायचा. हा सोडला तरी चालतं, असं मी वर्गामागून वर्गाला सांगितलं, कारण तो मलाच आलेला नव्हता. विद्यार्थी असताना तिथे अडकलो होतो. पुढे संशोधनाला जायचं तेही त्यामुळेच राहिलं. मी लोकांना सांगायचो घरच्या जबाबदाऱ्या होत्या. दत्ता ते खरं मानायचा आणि त्याचं त्याला वाईट वाटायचं.

शिवू बोलत होती, मी मान हलवत होतो. तिला ते दिसलं असावं. ती थांबली, मागे आली, जरा हळू आणि जरा सोपं करून पुन्हा सांगायला लागली. तिच्या मनात काही नव्हतं. पण मग तिने विचारलं, "कळतंय ना, अण्णा?"

हे माझं वाक्य. मागच्या बाकावरच्या मठ्ठ पोरांना मी ते विचारायचो, अगदी याच सुरात. ती ते माझ्याकडूनच शिकली होती.

मी कळतंय म्हणालो आणि चपला घालून माळ उतरून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा माळावर होतो. दव होतं, गवताने धोतर ओलं झालेलं. शिवूची आई टोपल्यांना पाला लावत होती. दत्ता माझ्याजवळ येऊन उकिडवा बसला. रात्रभर विचार केला असावा, त्याचे डोळे तसे दिसत होते.

म्हणाला, "आण्णा, मला पोरीचं म्हननं पटाया लागलंय. पर भाव वर-खाली हे ऐकलं की छातीत कसंतरीच व्हतं. तात्याचा हात धरल्याला हाय मी. तुमी गणितातले. येवढंच सांगा, हे गणित हाय का सट्टा?"

त्याला एक वाक्य पुरलं असतं. दत्ता, तू बयाणा घेतोस तेच हे. एवढं म्हटलं असतं तर तो उठून पोरीची बॅग भरायला गेला असता. ते वाक्य माझ्या तोंडात होतं.

मी म्हणालो, "सट्टा."

शिवूच्या हातात फळ होतं. तिने ते खाली ठेवलं. ती चिडली नाही, मला वाटलं होतं चिडेल. माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "परत सांगा, अण्णा."

तिने मला संधी दिली होती. काल मातीत काढलेल्या फांद्या तिथून थोड्याच अंतरावर होत्या, अजून पुसल्या नव्हत्या.

"सट्टाच आहे," मी म्हणालो. "वरून गणिताचं कापड घातलंय."

"बरं," ती म्हणाली. ओढणीला हात पुसले आणि माळ उतरायला लागली. दत्ताने मोठा श्वास सोडला, एखादं संकट टळावं तसा. विषय संपला होता. त्या घरात तो तसाच संपणार, हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मी तो शब्द निवडला होता.

संध्याकाळी शिवूच्या आईने चहा आणला. समोर मांजर नव्हतं. तिने कप ठेवला, पदर मागे सारला आणि त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा माझ्याशी थेट बोलली. "मला गणित कळत न्हाई. पर तुमचं तोंड कळतं." नवऱ्याला ती काही बोलली नाही. बोलली असती तरी माझ्या शब्दापुढे तिचा शब्द कोण धरणार होतं. तिने फक्त माझ्या ताटात स्वतःच्या हाताने वाढणं बंद केलं. ते अजून बंद आहे.

मी स्वतःला बरीच कारणं सांगितली. पोरीचं लग्नाचं वय, एवढ्या लांबचं शहर, वडिलांना दिलेला शब्द, परीक्षा नापास झाली असती तर. ही कारणं मी काही वर्षं वापरली. मग एकदा कॉलेजच्या जुन्या ग्रंथपालाकडून तो धडा असलेलं पुस्तक आणवलं आणि रोज सकाळी घेऊन बसलो. डोळ्यांचं ऑपरेशन मध्ये आलं, पुन्हा बसलो. फार वेळ लागला, पण मला तो धडा आला. वाटला होता तेवढा अवघड नव्हता. वयाच्या पंचविशीत कुणीतरी शेजारी बसून हळू, सोपं करून सांगायला हवा होता. तो कळला त्या दिवशी माझी सगळी कारणं संपली.

शिवूने पुढाऱ्याच्या कॉलेजातून एमबीए केलं. आता पुण्यात एका बँकेत आहे, लोकांना घरासाठी कर्ज घ्यायला लावणं हे तिचं काम. पगार बरा आहे म्हणतात. ती दुःखी आहे असं मी म्हणणार नाही. ती माझ्याशी बोलत नाही, तेव्हा ती कशी आहे हे मला कुठून ठाऊक असणार. एवढं मात्र ठाऊक आहे की माळाचा गुत्ता आता शिवूची आई ठरवते आणि बयाण्याचा आकडा पोरगी फोनवरून सांगते. गुत्तेदार कुरकुरत देतो. ज्या वर्षी तो माळ टाकून जातो त्या वर्षीही यांचं नुकसान होत नाही.

मला छळलं ते मात्र दत्ताने. तो मरेपर्यंत माझे आभार मानत राहिला. पाहुण्यात, लग्नात, वडवणीच्या बाजारात ओळखीचा माणूस भेटला तरी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगायचा, पोरगी सट्ट्याच्या नादी लागली व्हती, आमच्या आण्णानं वाचवलं. शिवू समोर असली तरी सांगायचा. ती ताटातला घास मोडत बसायची. मी दत्ताला थांबवलं नाही. दवाखान्यात नळ्या लावलेल्या असतानाही त्याने माझा हात धरला, तात्याने धरला होता तसाच, आणि म्हणाला, "तुमच्यामुळं घर राहिलं." मी मान हलवली. माझ्यावर एवढा विश्वास टाकला म्हणून मला त्याचा राग आला, आणि तो गेल्यावरही काही दिवस तो राग गेला नाही.

आठ दिवसांपूर्वी दत्ताचं वर्षश्राद्ध झालं. शिवू आली होती. जेवणं उरकली, लोक पांगले, ती ओट्यावर एकटी बसली होती. मी काठी टेकत गेलो आणि खांबाला टेकून बसलो. ती उठली नाही, हेच मला पुष्कळ वाटलं.

तिने विचारलं, "पोरं अजून येतात का, सल्ला विचारायला?"

"येतात."

"सांगता?"

"नाही सांगत आता."

"बरं करता," ती म्हणाली आणि फोनमध्ये बघायला लागली.

समोर उतरणीवर सीताफळांचा माळ दिसत होता. गुत्तेदाराची माणसं फळं उतरवत होती, त्यांच्या बोलण्याचा आवाज येत होता. मी वाक्य पाठ करून आलो होतो. लहान केलं होतं, धाप लागायच्या आत संपेल इतकं. तिच्या आईने आतून टोपली आणून गाडीत ठेवली. माझ्याकडे न बघता ती परत गेली. शिवूने किल्ली काढली, गाडीपर्यंत गेली, दार उघडलं आणि का कोण जाणे, थांबली. माझ्याकडे बघितलं. माळावर बघितलं होतं तसंच, सरळ. परत सांगा म्हणाल्यासारखं.

मी म्हणालो, "वरची दोन आजच खा. बाकीची गवतात ठेव."

तिने मान हलवली, दार लावलं, आणि गाडी पालीच्या रस्त्याला लागली.

शिवू, ते गणित होतं. मला येत नव्हतं, म्हणून मी त्याला सट्टा म्हणालो.